काचेपलीकडचा पानमळा

मी साताऱ्यात एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून 'बाई शिकलेल्या दिसतात आणि हे काय' असं म्हणायला तुम्ही मोकळे. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते, इतकंच. आमची गाडी आम्ही अमावास्येला आणली, शोरूममध्ये गर्दी नव्हती म्हणून. भास, संकेत, असलं काही सांगणाऱ्यांची मी स्टाफरूममध्ये यथेच्छ टिंगल केलेली आहे. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय... पण जे झालं ते भर दुपारी झालं, आणि मी शुद्धीत होते.

आमचं घर गावाबाहेर, कोरेगाव रस्त्याच्या बाजूला. मागच्या अंगणातून अजिंक्यतारा दिसतो. माझा नवरा महेश कंपनीच्या कामासाठी एकदा युरोपात जाऊन आला आणि तिथून डोक्यात एक खूळ घेऊन आला — काचेची खोली. तिकडे म्हणे घराला लागून अशी खोली असते, लोक त्यात बसून पाऊस बघतात, चहा पितात, फुलझाडं ठेवतात. झालं. मागच्या अंगणात लोखंडी अँगलचा सांगाडा, चारी बाजूंनी आणि वरूनही जाड काच, खाली माती तशीच ठेवलेली, एक दार. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "वैशाली, यात काय ठेवणार? गणपती?"

काय ठेवायचं हा प्रश्नच होता. आधी खुर्च्या टाकून चहा प्यायलो. पावसाळ्यात छान वाटलं, मग काचेवर शेवाळ धरलं. मी पेपर तपासायला बसायचे, पण ऑक्टोबरमध्ये अकरा वाजता त्या खोलीची भट्टी झाली. महेशने ऑर्किड आणले, ते मेले. पावसात कपडे वाळवायला तेवढी ती खोली बरी होती. उन्हाळ्यात मी कुरडया आणि सांडगे घातले. कावळे नाहीत, धूळ नाही, एका दिवसात खडखडीत. युरोपातली खोली शेवटी वाळवणाच्या कामी आली म्हणून मी महेशला वर्षभर चिडवलं. आत सांगाड्याला त्याने लावलेला थर्मामीटर तेवढा शोभेला राहिला.

मग सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले.

आमच्यात सासू-सासऱ्यांना आत्या-मामा म्हणतात. त्यांचं गाव मिरजेजवळ. मामांचं सगळं आयुष्य खाऊच्या पानांच्या मळ्यात गेलं. वाटण्या झाल्या, पुतण्यांच्या वाट्याला मळा गेला, आणि त्यांनी वेली उपटून ऊस लावला. मामा येताना ट्रंकेबरोबर ओल्या पोत्यात गुंडाळलेली वेलीची कांडी मात्र घेऊन आले. आल्या दिवशी काचेच्या खोलीत जाऊन उभे राहिले, वर बघितलं, मातीत बोट खुपसलं.

"लय झ्याक जागा हाय की," म्हणाले. "दमट हाय. हितं येल लागंल."

त्यांनी काचेवर हिरवी जाळी टाकली, कडेने ओली पोती लटकवली, शेवगा आणि शेवरी लावून त्यांच्या आधाराला वेली सोडल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे. सहा महिन्यांत खोली ओळखू येईना. भट्टी गेली. आत हिरवा, गार अंधार.

आणि त्याबरोबर मळ्याचे नियम आले. चपला बाहेर काढायच्या. आणि बाईमाणसानं आत पाय ठेवायचा नाही, वेल जळते. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तसंच होतं.

मी म्हटलं, "मामा, घराच्या कागदावर माझं पण नाव आहे बरं का. आणि हे नियम मी वर्गात खोडून काढते."

ते हसले. "तू जा गं. तू मास्तरीण हायस. येलीला काय कळतंय... पर मला कळतंय न्हवं."

मी गेले नाही. श्रद्धा म्हणून नाही, त्या म्हाताऱ्याच्या हातात तेवढंच उरलं होतं म्हणून.

आता आत्यांचं सांगते, कारण ही गोष्ट खरं तर त्यांची आहे. लग्न होऊन आल्यापासून आत्या रोज दुपारी भाकरी घेऊन मळ्यावर जायच्या. मळ्याला चहूबाजूंनी कुडाची भिंत. त्या बाहेर उन्हात उभ्या राहून हाक मारायच्या, मामा बाहेर यायचे, बांधावरच्या लिंबाखाली जेवायचे, परत आत जायचे. पन्नासेक वर्षांच्या संसारात आत्यांनी मळा आतून कधी बघितला नव्हता. नवरा दिवसभर आत काय करतो, कसा दिसतो, त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि आता भिंत काचेची होती.

पहिले काही दिवस त्या तिकडे बघायच्याच नाहीत. पदर ओढून तुळशीकडे तोंड करून बसायच्या. मग एकदा मी शाळेतून आले तर प्लॅस्टिकची खुर्ची काचेला लावून बसलेल्या. आत मामा वेल बांधत होते आणि आत्या त्यांच्याकडे... कसं सांगू, नवी नवरी चोरून बघते तशा बघत होत्या. मला पाहून लाजल्या. "किती हळू हात चालतुय बघ त्यांचा," म्हणाल्या. "घरात तर पेला ठिवला तरी आदळत्यात."

मग ते रोजचंच झालं. आत्या बाहेर, मामा आत, मध्ये काच. एकमेकांचं निम्मंअर्धं ऐकू यायचं, तरी बोलायचे. दुपारचा चहा झाला की आत्या हातातली बांगडी काचेवर दोनदा वाजवायच्या. पान खुडायला मामा अंगठ्यात एक पोलादी नख घालत. ते काचेवर दोनदा वाजवून उत्तर द्यायचे — टिक, टिक. मग हातात दोन कोवळी पानं घेऊन बाहेर. आत्या विडा करायच्या. स्वयंपाकघरात मला तो आवाज आला की मी कप काढायचे.

एकदा मी तिथेच होते. मामांनी दार उघडलं आणि म्हणाले, "ये की आत. आता कुणाचा मळा हाय ह्यो? आपलाच हाय."

आत्या खुर्चीतून निम्म्या उठल्या. मग परत बसल्या. "नगं. येल जळंल. एवढं केलंसा, आन् माझ्या पायी..."

"बरं," म्हणाले मामा, आणि दार लोटून घेतलं.

त्या हिवाळ्यात ते सारखं म्हणायचे, शिमग्याआधी उतरण करायला पाहिजे. उतरण म्हणजे वर चढलेली वेल सोडवून खाली घ्यायची, जुनं खोड मुळाशी गोल गुंडाळून मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा वर ठेवून पुन्हा आधाराला बांधायचा. पुरलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात आणि म्हातारी वेल परत तरणी होते. उतरण चुकली की वेल संपली. आमच्याकडच्या वेलींची ती पहिलीच उतरण होती. लक्षात ठेवा हे — पहिलीच.

संक्रांत झाली आणि मामा गेले. सकाळी पाणी शिंपडून आले, छातीत कळ आली, हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत. न्यायच्या वेळी आत्यांनी ते पोलादी नख महेशच्या हातात दिलं. "त्यांच्याबरुबर जाऊ दे." ते चितेवर गेलं, आणि रक्षेबरोबर माहुलीच्या संगमावर नदीत.

नंतर आत्यांनी विडा सोडला. मग हळूहळू जेवणच सोडलं म्हणा. अर्धी भाकरी, तीही चिवडलेली. खुर्ची भिंतीला लावून ठेवली, मागच्या अंगणात जाणंच बंद केलं. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट सगळे चांगले आहेत. रिपोर्ट चांगलेच होते. माणूस विझत होतं.

काचेच्या खोलीत कुणी पाणी शिंपडेना. मी नळी आत सोडायचे, पण पोती सुकली, जाळी वाऱ्याने फाटली, आणि फाल्गुन लागला तशी पुन्हा भट्टी झाली. पानं पिवळी पडली. उतरणीसाठी महेशने मामांच्या पुतण्यांना फोन केले. येतो येतो म्हणाले, आले नाहीत. शेवटी महेश म्हणाला, रविवारी वेली काढून टाकू, आईला रोज ते मरताना दिसायला नको. आत्यांनी ऐकलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मला सुट्टी होती, महेश कंपनीत. दुपारी मी आणि आत्या स्वयंपाकघरात गहू निवडत होतो. मागून आवाज आला. टिक, टिक.

लोखंडाचा काचेवर. हा आवाज मी वर्षभर रोज ऐकलेला होता.

आत्या न बघता म्हणाल्या, "च्या ठिव गं, ते बोलावत्यात." आणि मग त्यांचा हात ताटातच थांबला. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी म्हणणार होते की चिमणी असेल, तापलेला अँगल वाजला असेल... तेवढ्यात पुन्हा. टिक, टिक.

आम्ही मागे गेलो. आत कुणी नव्हतं. दाराला बाहेरून कडी. मी काचेला हात लावला आणि झटकन काढला, इतकी ती तापलेली होती. थर्मामीटरचा पारा चाळिशीच्या वर.

आणि आत्यांची खुर्ची जिथे असायची, त्याच्या समोरच्या काचेवर, आतल्या बाजूने, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर वाफेचा एक गोल डाग होता. तो विरला. परत आला. विरला. परत आला. श्वासासारखा.

मी सातवीला कंडेन्सेशन शिकवते. वाफ गार काचेवर जमते. हाताला चटका बसेल अशा काचेवर ती जमत नाही. कधीच नाही. मी तिथे उभी राहून हेच मनात म्हणत होते.

आत्यांनी पायातल्या चपला काढल्या, नीट जोडून बाजूला ठेवल्या, कडी काढली आणि आत गेल्या.

मी हाक मारली, "आत्या, ऊन लागेल, बाहेर या." त्यांना ऐकू आलं नसावं. त्या पहिल्या वेलीपाशी बसल्या. वरचे बंध सोडले. वेल अशी खाली घेतली की एक पेर मोडलं नाही. गोल गुंडाळली, मातीत बसवली, माती ओढून तळव्याने दाबली, शेंडा वर घेऊन बांधला. मग दुसरी. हात हळू चालत होता, अगदी मामांचा चालायचा तसा. मधेच थांबायच्या, मान कलती करायच्या आणि "व्हय" म्हणायच्या. मी काचेबाहेर त्यांच्या खुर्चीच्या जागी उभी होते आणि मला रडू फुटलं होतं, कशाचं ते तेव्हा कळलं नाही.

सगळ्या वेली संपवून त्या बाहेर आल्या. तास-दीड तास त्या भट्टीत होत्या. मी घाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्यांचा हात धरला... हात गार होता. विहिरीत उतरून आलेल्या माणसाचा असतो तसा गार, ओलसर. अंगावर घामाचा थेंब नाही. उलट काटा आला होता.

त्या पायरीवर बसल्या. मातीचे हात मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या,

"आत एवढं गार असतंय व्हय गं... मला ठावंच न्हवतं. आयुष्यभर उन्हात उभी ऱ्हायले मी."

आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या रडल्या. मोठ्याने, मन मोकळं करून.

महेशला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, आईने उतरणीबद्दल बाबांकडून ऐकलेलं असणार. असेल. ऐकून हात तसा चालतो का, मला माहीत नाही. आवाज काच तापून फुगल्याचा असेल. दोनदा, अगदी तसाच? वाफेचं तर मी कुणाला विचारतही नाही, कारण विज्ञानाच्या बाईनेच हे विचारायचं म्हणजे... आणि त्या गार हाताबद्दल तर माझ्याकडे अंदाजसुद्धा नाही. आत्यांना एकदाच विचारलं, कसं जमलं? "ते सांगत हुते न्हवं," म्हणाल्या, आणि जास्त विचारू नये असा चेहरा केला.

वेली जगल्या. एकही जळली नाही. रविवारी महेशने वेली काढायच्या ऐवजी नवी जाळी बसवली. आत्या आता जेवतात, दोन घास कमीच, पण जेवतात. विडा खात नाहीत. खोलीत आता त्यांचंच राज्य आहे, आणि प्लॅस्टिकची खुर्ची आत गेली आहे.

दुपारी चहा झाला की मी हाक मारायला जाते. त्या आत खुर्चीत बसलेल्या असतात, तोंड बाहेरच्या बाजूला. हातात बांगडी नाही, म्हणून बोटाच्या पेराने काचेवर दोनदा वाजवतात. मग थोडा वेळ थांबतात. मीही पायरीवर कप घेऊन थांबते. काही ऐकू येत नाही. मग त्या उठतात, चपला घालतात आणि चहाला येतात.