पारडी बदलून बघा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कॉलेजच्या लॅबच्या तराजूची दुरुस्ती. ही पारड्यात वजनं ठेवायची, मी काटा बघायचा. लग्नापासून असंच. तंजावरात इलेक्ट्रॉनिक काटे आले, गिऱ्हाईक आटलं, आमची भांडणं तेवढी टिकली.

दोन्हीकडे सारखाच माल ठेवूनही एक पारडं खाली जात होतं. अशा वेळी संशय दोन. मालाला खालून काही चिकटलं असेल, नाहीतर दांडीच खोटी. दोन्हीकडचा माल अदलाबदल करायचा. खोट मालाबरोबर सरकली, तर दोष मालात. जागच्या जागी राहिली, तर दांडीत. इथे दांडी निघाली. नीट केली.

तराजू न्यायला प्रोफेसर आले. आमच्यातलेच, तंजावरी मराठी, तिरुवैयारूचे. माझं ऐकून म्हणाले, आकाशातही हीच भानगड आहे. आकाशगंगांच्या कडेचे तारे इतके जोरात फिरतात, की सुटून जायला हवेत. जात नाहीत. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, न दिसणारा माल आहे, त्याच्या वजनानं ते धरून राहतात. विश्व फुगण्याचा वेग वाढतोय, तर त्यामागेही न दिसणारी ताकद. थोडे म्हणतात, लपलेलं काही नाही. इतक्या लांब गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा पडतो. म्हणजे दांडी.

"तुम्ही कोणाकडचे?"

"थोड्यांतला. डिपार्टमेंटात हसतात."

ही आतून, धाकट्या भावाला म्हणावं तशी म्हणाली, "पारडी बदलून बघा की, तंबी."

"अक्का, आकाशगंगा कशी उचलू?"

"मग भांडत बसा. आम्हीही तेच करतो."

त्या दुपारी ही जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

हिचं दिवसकार्य झालं, आणि मुलगी बॅग भरायला लागली. माझी. "अप्पा, हे घर तुम्हांला खाईल. मद्रासला चला. जागा बदलली की बरं वाटेल."

म्हणजे तिच्या मते दोष दांडीत, घरात. उद्या सांगतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेऊन तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसलो. माझ्या जागी नाही, हिच्या. इतके दिवस समोर हिची जागा रिकामी दिसायची. आता माझी दिसायला लागली. मी सरकलो, तशी खोटही सरकली. दोष मालात. माल मी. मद्रासला नेऊन तोलला, तरी तेवढाच भरणार.

दांडी फेकण्याआधी माल बदलून बघावा, एवढंच धंद्यानं शिकवलंय.

मुलीला सांगितलं, घर ठीक आहे. बॅग रिकामी केली, दुकान उघडलं. पारड्यात वजन ठेवलं, उठून पलीकडे गेलो, आणि काटा बघितला.