बायजाने उचललेला नवस

आमच्या लोधिवलीत बायजाइतकं बोलणारं माणूस झालं नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. हल्लीच्या माणसांत तेवढा दमच नाही. ती विहिरीवर येताना दिसली की बाया घागर अर्धीच भरून घराकडे निघायच्या. माझी आई तिची शेजारीण. आई सांगायची, बायजा झोपेतसुद्धा कुणाला तरी काहीतरी समजावत असे आणि सकाळी उठून तिथूनच पुढे सुरू करी.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. ती बोलायची त्याहून जास्त ऐकायची, आणि त्यातही लहान पोरांचं. ही सवय तिला खोपोलीला लागली. बोरघाटात आगगाडीचा रस्ता फोडत होते तेव्हा बायजाचं नुकतंच लग्न झालेलं. नवरा सुरुंगाच्या कामावर आणि ही मजुरांच्या तळावर भाकऱ्या भाजून विकायची. तळावर कुठकुठची माणसं आलेली, तेलंगी, हिंदुस्थानी, घाटावरची, शिवाय आपल्या डोंगरातले ठाकूर. मोठी माणसं एकमेकांशी हातवारे करत आणि शेवटी भांडत. पोरं मात्र दगडांच्या ढिगांवर खेळता खेळता वर्षाच्या आत एकमेकांचं बोलणं उचलत. तवा तापेपर्यंत बायजा त्यांच्याकडे बघत बसे. कुठलं पोर लवकर बोललं, कुठलं मागे राहिलं आणि का राहिलं, हे तिच्या ध्यानात राही. हळूहळू तिचं एक मत झालं. पोराला कुणी बोलायला शिकवत नसतं. त्याच्या कानावर घरातलं, कामातलं, लाडाचं, रागाचं बोलणं सारखं पडावं लागतं, आणि जिथे ते पडत नाही ते पोर मागे राहतं.

हे तिने गावाला शंभरदा सांगितलं असेल. पण जो माणूस सगळंच सांगतो, त्याचं एखादं खरं कोण मनावर घेणार!

गावाबाहेर मळ्यावर मालोजी गाडीवान राहायचा. त्याची बैलगाडी कायम पनवेलच्या वाटेवर, आणि घरी मुळातच अबोल असलेली बायको जयवंता आणि मुलगा गजा, दोघंच. गजा तीन वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. वेखंड उगाळून चाटवलं. पोपटाने टोचलेला पेरू रानातून शोधून आणून भरवला. काही गुण येईना तेव्हा जयवंता गावदेवीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझा गजा बोलंल तवाच मी बोलंन." नामा भगताने नारळ फोडला. असा कडक नवस कुणी बोललं नव्हतं म्हणून गावाने जयवंतेची तोंडभर वाखाणणी केली.

बायजा तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला कर्जतला गेलेली. ती तिथे सहा महिने राहिली, आणि परतल्यावर एकदा वांगी आणायला मळ्यावर गेली. बघते तर जयवंता भात कांडतेय आणि पोर शेजारी बसलंय. त्याने पदर ओढला, आईने पाणी दिलं. त्याने बोट दाखवलं, आईने गूळ दिला. सगळं मुकाट. इतक्यात लांब वळणावर बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या आणि आईच्या आधी गजाच अंगणात धावला.

"जयवंते," बायजा म्हणाली, "पोराचं कान शाबूत हायत गं. त्याला कमी हाय ती तुझ्या बोलन्याची. बाप गाडीवर, तू मुकी. मग यानं बोलनं उचलायचं कुनाकडनं, म्हशीकडनं?"

जयवंतेने हात जोडले. देवळाकडे बोट केलं, मग गजाच्या गळ्यावर हात ठेवला आणि ती रडायला लागली. आता आपण तोंड उघडलं तर देवी पोराची वाचा कायमची बंद करील, हे भय तिच्या मनात बसलं होतं. बायजा आजवर अख्ख्या गावाशी भांडली होती, पण उत्तरच न देणाऱ्या या पोरीपुढे तिचं काही चालेना. गावात तर गजाला एव्हाना मुक्या म्हणूनच हाक मारू लागले होते. ते नाव एकदा चिकटलं की जन्माचं चिकटतं.

बायजा तडक पारावर नामाकडे गेली. नामा म्हणाला, "देवीपुढं दिलेला शब्द माघारी घेता येत नाय."

"माघारी नगं. पर अनवानी चालायचा नवस असला आन बाई आजारी पडली, तर तिचा भाऊ चालतो का नाय?"

"चालतो."

"मग हा बी दुसऱ्यानं उचलला तर?"

नामाने विचार केला. "चालंल. पर उचलनार कोन?"

"मी."

पारावर बसलेले सगळे हसले. नामाला तर हसता हसता ठसका लागला. "तू? तुला घास गिळंपर्यंत गप बसवत नाय!"

"बसवंल. देवीला एक गप तोंड पायजे ना? हे घे माझं."

मला विचाराल तर त्या देवळात एवढं मोठं दान कधी कुणी दिलं नाही, आणि आमचे लोक हसत होते.

बायजाने दिवस मावळेपर्यंतची सवलत मागितली आणि तेवढा वेळ जयवंतेला समजावण्यात घालवला. "जे करशील ते बोलत कर. भाकरी थापतीस, भाकरीचं बोल. बा कुठं गेला, कवा येनार, सांग त्याला. गप्पा मार, आन मधी थांब. पर त्याच्या तोंडाकडं टक लावून बसू नगस, पोर भितं." मग देवळात, गजासमोरच, नामाने जयवंतेच्या हातातला नवा नारळ काढून बायजाच्या हातात दिला, आणि बायजा गप्प झाली.

"गजा, ये रं," जयवंता म्हणाली. सहा-सात महिने न वापरलेला आवाज घोगरा, फाटका निघाला. पोर दचकलं. आईच्या तोंडून असलं काही निघतं हे ते विसरूनच गेलं होतं. ते धावत जाऊन बायजाच्या मागे लपलं. गप्प बसणारी तीच होती, त्याला तीच आईसारखी वाटली असेल. जयवंतेचा चेहरा उतरला. बायजाच्या ओठांशी किती शब्द आले असतील कोण जाणे. तिने ते गिळले आणि हातानेच खूण केली, बोलत राहा.

त्यानंतर बायजा रोज मळ्यावर जाऊन बसू लागली. जयवंता बोलत राही, गजा बायजाला टेकून ऐके. इकडे विहिरीवर बाया आता घागर पुरती भरून उगाच उभ्या राहायच्या, पण ऐकायला काही नसायचं. माझी आई म्हणायची, शेजारचं घर खायला उठायचं. कर्जतहून लेक जना तान्हं घेऊन आली. तिने आईला हलवून हलवून विचारलं, "लोकाच्या पोरासाठी माझ्याशी बोलायचं सोडलंस? नातवाला एक हाक तरी मार!" बायजा बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जना रडत, तरातरा निघून गेली आणि बायजा ती दिसेनाशी होईपर्यंत उंबऱ्यात उभी होती.

भातं कापून झाली, झोडून झाली. गजा हुंकार द्यायचा, एखादा सूर काढायचा, पण शब्द नाही. गावाने ठरवून टाकलं की दोघी फुकट मेल्या. जयवंतेचाही धीर सुटत चालला. ती अर्ध्यात थांबली की बायजा जमिनीवर हात आपटी आणि ती बिचारी पुन्हा भाजीचं, बैलांचं, नवऱ्याचं बोलू लागे.

शिमगा जवळ आला होता. जयवंता आत चुलीपाशी होती आणि बायजा अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. कोंबडा सुपाशी आला तसा तिने त्याला हातानेच हाकलला. गजाने कोंबड्याकडे पाहिलं आणि मग बायजाच्या मिटल्या तोंडाकडे पाहिलं. त्याला तिची कीव आली असावी. आपली आई बोलते, बा बोलतो, सगळे बोलतात, या म्हातारीलाच बिचारीला येत नाही. त्याने दोन्ही हातांनी तिचे गाल धरले, तिचं तोंड कोंबड्याकडे वळवलं आणि आईसारखंच सावकाश म्हणाला,

"आजी, कोंबडा. म्हन की, कोंबडा."

बायजाचे हात सुपातच थांबले. नवस फिटला होता. नामाला सुनवायचं होतं, गावाला सुनवायचं होतं, जनाची समजूत काढायची होती. पोर तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होतं.

"कोंबडा," बायजा म्हणाली.

गजा उडी मारून उठला आणि ओरडत घरात पळाला, "आये! आये गं! आजी बोलली!"