गडग्यावरची जाई

चिऱ्याच्या गडग्यापलीकडच्या शेजाऱ्यांच्या कुरकुरीला कंटाळून मी जाईचा वेल हातभर बुंधा ठेवून छाटून टाकला. वेल बायकोच्या माहेरचा, हे मला कोयती खाली ठेवल्यावर आठवलं. तिनं माझ्याशी बोलणं सोडलं.

शेजारी अलोऱ्याच्या कोयना प्रकल्पातून निवृत्त होऊन आलेले. "तुमची पानं माझ्या वाळत घातलेल्या आमसुलांत पडतात. आपलं सांगून ठेवलं." प्रत्येक तक्रारीचा शेवट हाच. देवाला फुलं मात्र त्याच वेलाची, तीही न विचारता. बोडका बुंधा निरखून ते आत गेले. मला वाटलं, खूश झाले.

दुसऱ्या दिवसापासून ते गडग्यावरून वाकून मासे धुतलेलं पाणी बुंध्यात ओतू लागले. उन्हाला आडोसा म्हणून झावळीही लावली. मी आभार मानले, तर म्हणाले, "आता तुमच्याकडे मांजरं येतील. आपलं सांगून ठेवलं."

पावसाआधी कोंब फुटले. त्यांतला सगळ्यात जोमदार कोंब त्यांनी सुंभानं बांधून आपल्या अंगणाकडे वळवलेला! मी तणतणत बायकोला बोलावून दाखवलं.

इतक्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली, "राहू दे तिकडेच. तिकडे तुमचा हात पोचत नाही."