वफ्र्याच्या पार्टीतले चार पेले

ती सकाळ माझ्या मनातून अजूनही जात नाही. नोकरीत मी खुनाचे, दरोड्याचे, अपहरणाचे तपास केले. पण ज्या तपासात माझा श्वास सर्वांत जास्त अडकला, तो निवृत्तीनंतर केला. तोही कुवेतमध्ये, जिथे माझ्याजवळ ना वर्दी होती, ना कुणाला प्रश्न विचारण्याचा अधिकार.

मी लेकीकडे राहायला गेलो होतो. ती तिथल्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागात नर्स आहे. शुक्रवारी सुट्टी असते. त्या दुपारी तिच्या ओळखीतल्या एका मराठी व्यावसायिकाने शहरापासून दूर, वफ्र्याच्या शेतमळ्यांच्या भागात बंगला भाड्याने घेऊन मेजवानी दिली. अट एकच, की सगळ्यांनी जुन्या हॉलिवूडच्या कृष्णधवल सिनेमातून उतरल्यासारखं यायचं. पुरुष काळ्या कोटात आणि बो-टायमध्ये, बायका कोपरापर्यंतच्या हातमोज्यांत. मधोमध पसरट काचेच्या पेल्यांचा मनोरा रचला होता आणि वरून द्राक्षाचं पांढरं सरबत ओतलं जात होतं. कॉलेजात असताना कोल्हापूरला मी असले सिनेमे सकाळच्या खेळाला पाहिले होते, त्यामुळे मलाही मौज वाटली.

यजमान या विषयातला वेडा. मला म्हणाला, "काका, त्या नटनट्यांच्या पार्ट्या रंगायच्या तेव्हा तिकडे दारूबंदी होती. इथल्यासारखीच. तरी एकाचाही पेला रिकामा नसायचा!"

मी हसलो. ते वाक्य पोलिसाच्या कानाने ऐकायला हवं होतं, असं नंतर वाटलं.

शनिवारी सकाळी लेकीला फोन आला. पार्टीला आलेल्या एका तरुण इंजिनिअरची बायको रडत होती. नवऱ्याला उलट्या होत होत्या आणि डोळ्यांसमोर बर्फ पडल्यासारखं दिसत होतं. लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, चला माझ्याबरोबर," एवढंच ती म्हणाली. जावयाने गाडी काढली.

इंजिनिअर पलंगावर आडवा होता, श्वास जोरजोरात चालला होता. लेकीने विचारलं, "काल काय प्यायलास?"

"सरबत, ताई. फक्त सरबत."

तिने त्याच्या बायकोला बाजूला घेतलं. "ही विषारी दारूची लक्षणं आहेत. आत्ता अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची."

"नको ना, ताई! आमचा इकामा रद्द करतील, देशाबाहेर काढतील. आधी कुणा वकिलाला विचारू का?"

"डोळे गेले तर इकामा काय करणार आहेस?" लेकीने स्वतःच फोन लावला.

अ‍ॅम्ब्युलन्सची वाट पाहताना मी त्या मुलीशी हळू आवाजात बोललो. घाबरलेल्या माणसाला एकदम मुद्द्याचं विचारू नये, त्याला आठवेल तसं सांगू द्यावं. ती म्हणाली, "काका, जेवणाआधी यजमानांनी ह्यांना बोलावून नेलं होतं. फोटो काढायचाय म्हणाले. परत आले तेव्हा तोंडात लवंग होती."

बस्स, एवढी खबर पुरेशी होती. लवंग तोंडाचा वास लपवायला चघळतात. आणि पठ्ठ्या एकटा नक्कीच प्यायला नसणार.

लेक रुग्णाबरोबर निघताना म्हणाली, "बाबा, याचा त्रास दुसऱ्या दिवशी सुरू होतो. आणखी कुणी घरी झोपून असेल. त्याला वाटत असेल, साधी डोकेदुखी आहे. मी इस्पितळात सांगतेच, ते पोलिसांना कळवतील. पण नावं मिळेपर्यंत उशीर होईल. तुम्ही यजमानांकडे जा."

यजमान एगैलाला राहत होता. दार त्यानेच उघडलं. बाहेर लख्ख ऊन आणि आत सगळे पडदे ओढलेले, दिवा बंद. "काल नाचून नाचून डोकं उठलंय," तो म्हणाला. आम्ही बसलो. इंजिनिअर आजारी असल्याचं मी सांगताच तो म्हणाला, "आमच्याकडे दारूबिरू काही नव्हतं हं, काका."

मी दारूचा शब्दही काढला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारे लोक मी चौकीत पुष्कळ पाहिले होते. अशा वेळी आरोप केला की माणूस दार लावून घेतो. म्हणून मी पार्टीचं कौतुक केलं आणि फोटो मागितले. त्याने फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच बघा."

फोटो भरपूर होते. सरबत घेतलेल्या लोकांचं हातातल्या पेल्याकडे लक्षही नव्हतं. कुणाचा तिरका झालेला, कुणाचा कठड्यावर विसरलेला. एका फोटोत मात्र कोठीच्या दाराशी चार पुरुष उभे होते आणि चौघांनीही पेले छातीशी धरले होते. सांडू नये म्हणून जपून. त्यात इंजिनिअर होता आणि यजमानही होता. बाकीचे दोघे माझ्या ओळखीचे नव्हते.

मी फोन परत दिला. "तुमच्या शेजारी हे कोण?"

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला, मग दूर धरला, मग पार नाकाला लावला. पाण्याचा ग्लास उचलायला गेला तर हात ग्लासाच्या बाजूला पडला.

त्या क्षणी मला कळलं. माझ्यासमोर आरोपी नव्हता, दुसरा रुग्ण होता.

"मी इथला पोलीस नाही," मी म्हणालो. "तुमचा जबाब घ्यायला आलेलो नाही. तुम्हाला दिसत नाहीये. खरं ना?"

त्याने फोन खाली ठेवला. मग लहान मुलासारखा म्हणाला, "सकाळपासून सगळं पांढरं पांढरं दिसतंय, काका. वाटलं, झोपलो की बरं वाटेल."

"आणखी कोण?"

"मला पकडून नेतील..."

"तुम्ही गप्प बसलात तर बाकीचे दोघे मरतील. आणि तुम्हीसुद्धा. नावं सांगा."

तो ओक्साबोक्शी रडू लागला आणि सगळं बोलला. सरबताच्या बाटलीतून चोरटी दारू आणली होती, चौघांपुरतीच. एक जण फिंतासला राहत होता. त्याच्या बायकोने फोन उचलला आणि त्याला लगेच इस्पितळात नेलं. चौथा शहरापलीकडच्या जहरा नावाच्या गावात एका कचेरीत कारकून, खोलीत एकटाच राहणारा, मूळचा माणगावकडचा. त्याचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

यजमानाला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवून, जहराचा पत्ता लेकीला कळवून आम्ही तिकडे सुटलो. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जावई गाडी पळवत होता. मी सारखा फोन लावत होतो.

इमारतीच्या राखणदाराने, हारिसने, दार उघडायला साफ नकार दिला. "साहब, पुलिस के बिना नहीं." नोकरीत माझ्या एका हाकेवर दारं उघडायची. इथे मी आवाज चढवला, हात जोडले, जावयाने विनवण्या केल्या. हारिस आपल्या जागी बरोबरच होता. आतून घरघर ऐकू येत होती आणि आम्ही दाराबाहेर उभे होतो. शेवटी तिथले पोलीस आणि अ‍ॅम्ब्युलन्स बरोबरच पोहोचले. दार उघडलं. तो कालच्याच पांढऱ्या शर्टात अंथरुणावर पडला होता. हाक मारली, ओ दिली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. इंजिनिअर आणि फिंतासचा गृहस्थ वाचले, दृष्टीही राहिली. दोघांनाही मायदेशी परतावं लागलं. यजमान वाचला, पण त्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. त्याने तिथल्या पोलिसांना इस्पितळातूनच पूर्ण जबाब दिला, काही लपवलं नाही. त्यावरून दारू बनवणारे पकडले गेले. जहराचा कारकून शुद्धीवर आला नाही.

त्या जुन्या बंदीच्या काळात तिकडेही अशाच दारूने कितीतरी माणसं आंधळी झाली होती. सिनेमातल्या दिवाणखान्यात ती कधी दिसली नाहीत, एवढंच.

पोलिसांचा धाक असलाच पाहिजे, असं मी नोकरीभर मानलं. त्या धाकाचा उपयोगही मी अनेकदा केला. कुवेतमध्ये प्रथमच मी त्या धाकाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. चौघेही घरी पडून होते, चौघांच्याही हाताशी फोन होता आणि एकानेही स्वतः मदत मागितली नाही. विषाने केलं ते केलं; उरलेलं काम भीतीने केलं.

मी भारतात परतल्यावर त्या कारकुनाच्या बायकोने माझा नंबर मिळवून फोन केला. म्हणाली, "साहेब, त्या सकाळी ह्यांचा फोन आला होता. डोकं लय दुखतंय म्हणाले. मी म्हटलं, दवाखान्यात जावा. तर म्हणाले, दवाखान्यात गेलो तर सगळं कळंल, नोकरी जाईल. तुम्ही पोलिसातले. खरंच गेली असती का हो नोकरी?"

खोटं बोलून तिला बरं वाटलं नसतं. मी म्हणालो, "हो बाई. गेली असती."

मग ती म्हणाली, "जाऊ द्यायची होती."