तोरणाचा रंग

आज सकाळी शर्टाला इस्त्री करताना इस्त्रीच्या तळाला राहिलेल्या मेणाचा वास आला आणि मी थेट इंग्लंडमधल्या आमच्या स्लाऊच्या जुन्या किचनमध्ये जाऊन उभा राहिलो. त्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी सुनंदाचे, माझ्या बायकोचे, उपचार थांबवले होते. तिला दारावर मेपलच्या लाल पानांचं तोरण हवं होतं. मी पार्कातून पानं आणली, मेणकागदात घालून इस्त्री फिरवली आणि ओवली.

"टिकेल का हो रंग?"

"टिकेल का म्हणजे? विंडसरच्या राजवाड्यातली माणसं मागायला येतील!"

"मग तो टिकेपर्यंत मीही टिकते," ती हसून म्हणाली.

झालं! आयुष्यात लाखभर थापा मारल्या असतील, पण अशी गळ्यात कुठलीच पडली नाही. पंधरा दिवसांत पानं तपकिरी पडू लागली. दुपारी तिचा डोळा लागला की मी पळत जाऊन नवी आणायचो. अख्ख्या बर्कशर परगण्याची झाडं मीच बोडकी केली म्हणा ना! डिसेंबरात मात्र कुठंच पान उरलं नाही, तेव्हा जुन्याच पानांना तेलात कालवलेलं कुंकू फासलं.

दुसऱ्या दिवशी ती माझा हात धरून दारापर्यंत आली. तिनं एका पानावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. ते तिनं शांतपणे कपाळाला टेकवलं.

"छान टिकलाय हो रंग."

थाप पचली, म्हणून मी वेडा खूश झालो. आता कळतं, त्या घरातली सगळ्यात मोठी थाप तिनं मारली होती, आणि तीही माझ्यासाठी. जानेवारीत ती गेली. तोरण मी काढलं नाही. त्यावरचं कुंकू आपोआप झडत गेलं.