नळाच्या पाळीचं तिकीट

चिकलठाण्याचे काकासाहेब स्वतः कधी विमानात बसले नव्हते, पण विमानाविषयी त्यांच्याशी वाद घालायची कॉलनीत कुणाची छाती नव्हती. मुलगा सोमनाथ अमेरिकेला गेल्यापासून तर कुणी नुसतं ‘काय चाललंय?’ विचारलं तरी उत्तर यायचं, “सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई साडेतेरा हजार किलोमीटर. सोळा-सतरा तासांत गडी खाली! मुंबईहून हितं तर तासाभराचं काम.” ऐकणारा बिचारा हंडा घेऊन टँकरकडे धावत असायचा.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. शहर मात्र असं वाढत होतं, जणू नव्यानं राहायला येणारे पाणी पीतच नाहीत. काकासाहेबांनीही विमानतळाजवळचं शेत विहिरीसकट विकून चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. जायकवाडीचं धरण जेमतेम पन्नास किलोमीटरवर, पण तिथलं पाणी त्यांच्या नळाला यायला आठ-आठ दिवस लागत. हे अंतर ते कुणाला सांगत नसत.

तीन वर्षांनी सोमनाथ यायचा ठरला. त्याच्या आईला, साळूबाईंना, एकच घोर होता: एवढ्या लांबून येणारा पोरगा आपल्या घरात राहील ना?

“तिकीट नळाची पाळी बघून काढ,” काकासाहेबांनी फोनवर फर्मान सोडलं. “मंगळवारी पाणी हाय.” इथं लोक साखरपुड्याची तारीखसुद्धा पाळी बघून धरतात, तेव्हा यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. पोरानंही रजा पुढं ढकलून मंगळवारच गाठला.

विमान अगदी वेळेवर उतरलं. पाणी मात्र आलं नाही. कुठंतरी पाइप फुटला होता आणि पाळी पुढं गेली होती. साळूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, राखून ठेवलेलं तांब्याभर पाणी पोराच्या पायावर घातलं. घरात उरलेलं तेवढंच होतं. सोमनाथनं न्हाणीघरातल्या कोरड्या बादल्या पाहिल्या.

“आई, आजची रात हॉटेलात काढतो. सकाळी येतो,” म्हणाला आणि न उघडलेली बॅग घेऊन जिना उतरला. साळूबाई रिकामा तांब्या घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

सकाळी तो न्हाऊनधुऊन आला. खुर्चीत बसला, पण वडिलांकडं बघेना.

“आप्पा, ते हॉटेल आपल्याच रानात झालंय. तुम्ही कधी बोलला नाय.”

काकासाहेबांनी पेपर तोंडापुढं धरला.

“आपली विहीर तशीच हाय. भोवती लायटिंग केलंय. तिचंच पाणी खोलीत येतं. लई दिवसांनी पोटभर आंघोळ केली.”

साळूबाई नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, “पोरगा अमेरिकेहून आपल्या विहिरीपर्यंत आला. अवो, तिथनं आपलं घर किती लांब हाय, तेवढं सांगा की.”

काकासाहेब उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पाणी नाही हे ठाऊक असूनही नळाची तोटी फिरवत उभे राहिले.