पोलिसांच्या फेरीचा दर

लखनौच्या चौकात सोनं गाळणाऱ्या आम्हा लोकांना सराफ ‘मराठा’ म्हणतात. जात कुणी विचारत नाही; खानापूर-आटपाडीकडून आलेला आणि भट्टीवर बसलेला, तो मराठा. मी मिसरूड फुटायच्या आत इथं आलो, दुसऱ्याच्या भट्टीवर राबलो, मग स्वतःची मांडली. कुणी मला फुकट काही दिलं नाही आणि मीही कुणाला पहिल्या भावात काही दिलं नाही. इथल्याच वृंदावन योजनेतला प्लॉट, त्यावरच्या घराच्या विटा, दाराची चौकट, सगळं घासाघीस करून घेतलेलं. हे आधीच सांगतो. पुढे जे झालं ते मला भाव करता येत नव्हता म्हणून झालं, असं कुणी समजू नये.

घर बांधलं ते बायकोसाठी. तिला फीट येतात. बोलता बोलता थांबते, डोळे वर जातात आणि जिथं असेल तिथं कोसळते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, ‘दवा मेरे ज़िम्मे, नींद आपके ज़िम्मे।’ झोप मोडली की झटका येणार, एवढं ते साधं होतं. चौकातल्या गल्लीत झोप कुठली? म्हणून शहराच्या या टोकाला आलो. नव्या घरात ती रात्री गाढ झोपू लागली आणि झटके थांबले. हळूहळू ती एकटी सब्जीवाल्या भैयाच्या गाडीपर्यंत जायला लागली. मग एक दिवस मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. ‘तुम्ही मागं उभं राहिलात की मला भाकरी थापता येत नाही. जावा, पेपर वाचा.’ मी पेपर वाचत बसलो, पण कान आत. तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला की बरं वाटायचं.

मग शेजारच्यानं त्याचं घर भाड्यानं द्यायला सुरुवात केली. तो ठेकेदार. मुलं परदेशी, घर मोठं, पुढं लॉन. सगाई, तिलक, मुंडन, लेडीज संगीत, काहीही असो, लॉन आणि गच्ची मिळायची. स्पीकर आमच्या भिंतीला लागून. आमच्या कपाटातली भांडी आपोआप हलायची.

माणूस गोड. मी भांडायला गेलो की हात जोडायचा. ‘अरे भाईसाहब, खुशी का मौक़ा है। आप भी तशरीफ़ लाइए, भाभीजी को भी लाइए।’

‘भाभीजी को नींद चाहिए, दावत नहीं।’

‘बस आधा घंटा, जनाब।’

त्याचा अर्धा तास कधी संपला नाही. मी एकशे बारा नंबर लावायला लागलो. पोलिसांची गाडी यायची, आवाज कमी व्हायचा, गाडी कोपऱ्यावर वळली की पुन्हा धडाम. एक म्हातारा हवालदार नेहमी यायचा. एकदा वैतागून म्हणाला, ‘चाचा, आप फ़ोन करते हैं, हम आते हैं, ये बंद करते हैं, हम जाते हैं, ये बजाते हैं। सरकार का डीज़ल मुफ़्त का है क्या?’

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. खरंच, फुकट होतं म्हणूनच तर चाललं होतं. पोलिसांना पैसे लावता येत नसतील, पण आमच्या गल्लीची कमिटी लावू शकत होती. गेट कमिटीचं, गेटवरचा गार्ड कमिटीचा. ज्याच्या पार्टीवर पोलीस आले त्याला पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्या फेरीपासून यजमानानं कमिटीला आकार भरायचा, आणि भरला नाही तर त्याच्या मंडपवाल्याची, डीजेची गाडी गेटातून आत येणार नाही. मी घरोघर जाऊन हे समजावलं. निशातगंजहून मिठाई आणून वाटली. लोक माझ्याशी कधी एवढे नीट बोलले नव्हते.

रविवारी सकाळी पार्कात मीटिंग झाली. कमिटीचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज कधी चढत नाही. नियम मंजूर झाला. रकमेवर गाडी अडली.

मी सुरुवात पन्नास हजारांपासून केली. शेजारचा हसला. ‘मराठा भाई, पुलिस आएगी कि पुलिस कप्तान?’ सगळे हसले. तो दोन हजारांवर होता.

‘दो हज़ार में तो आपका हलवाई जूता भी न उतारे,’ मी म्हणालो. लोक आता माझ्या बाजूनं हसले. मग मी चढलो, उतरलो, उठून जायला निघालो, सचिवांनी हाताला धरून बसवलं. तो हजार हजारानं वर आला, मी पाच पाच हजारांनी खाली. शेवटी अकरा हजारांवर हात मिळवला. टाळ्या वाजल्या. त्यानं बिस्कीट चहात बुडवून शांतपणे खाल्लं. एरवी समोरचा असा शांत दिसला की मी सावध होतो. त्या दिवशी टाळ्यांच्या नादात मी ते पाहून सोडून दिलं.

घरी आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं.

‘म्हणजे आता वाजवणार नाही?’

‘वाजवलं तर भरेल.’

‘आणि भरलं तर?’

‘अगं, कोण भरतंय दर वेळी अकरा हजार?’

तिला आमच्या धंद्यातलं कळत नाही असं मी धरून चाललो होतो.

महिनाभर शांतता होती. मग लग्नसराई सुरू झाली आणि एका संध्याकाळी, दिवेलागणीलाच, भिंत हादरली. मी फोन लावला. ताकीद झाली. पुढच्या वेळी पुन्हा लावला. हवालदार उतरला, शेजारच्याशी दोन शब्द बोलला आणि माझ्याकडं आला.

‘चाचा, इन्होंने तो सुबह ही जमा कर दिया है। कमेटी वाले साहब ने ख़ुद बताया।’

‘जमा किया मतलब? बंद कराओ!’

‘अब क्या बंद कराएँ। आप ही का रेट है, भर दिया बेचारे ने।’

आधी हाच माणूस निदान दोन शिव्या तरी घालायचा. डीजेवाल्याची वायर उपटायचा. आता तो कमरेवर हात ठेवून उभा होता, जसा काही हिशेब मिटलाय आणि मीच नडतोय.

आमच्या धंद्यात भट्टीत सोनं टाकण्याआधी घट ठरवतात. किती जळणार, ते आधी बोलून घ्यायचं. ठरल्याएवढं जळलं तर मग सराफानं तक्रार करायची नाही, गलाईवाल्यानं मान खाली घालायची नाही. उभा जन्म मी हेच केलं. पार्कात बसूनही मी तेच केलं: बायकोच्या झोपेची घट ठरवून आलो. बाकी कुणालाही, वकिलाला, मास्तरला, हे सुचलं नसतं. त्यांनी ‘बंद करा’ म्हटलं असतं आणि तिथंच अडून बसले असते.

पुढं कळलं की शेजारचा ती रक्कम भाड्यात धरतो. लॉन इतकं, मंडप इतका, पोलीस इतके. पाहुण्यांनाही ठाऊक झालं. एका संगीताच्या वेळी मुलीचा कुणी मामा भिंतीवरून वाकून मला म्हणाला, ‘अंकलजी, अभी तक फ़ोन नहीं किया? पैसे दिए हैं हमने, पुलिस बुलवाइए न, फ़ोटो खिंचवाएँगे!’ मागं बायका खिदळल्या. मी तोंडाला येईल ते बोललो. मराठीत बोललो, कारण एवढ्या रागात मला हिंदी येत नाही.

बायकोची झोप तुटली होती. दिवसा डोळे मिटायची, पण ती झोप नव्हती. मी म्हटलं, गावी जाऊन ये. ती म्हणाली, ‘माझं घर सोडून मी का जाऊ? त्याला जाऊ दे की.’ एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा ‘माझं घर’ म्हणाली होती. कागदावर घर तिच्याच नावावर होतं. बायकांच्या नावानं स्टॅम्प ड्यूटी कमी लागते म्हणून मी तसं केलं होतं.

तो दिवस मला सांगायचा नाही, पण सांगतो. संध्याकाळची वेळ. शेजारी तिलक होता. मी भिंतीशी उभा राहून शेजारच्याशी भांडत होतो. मी म्हणत होतो, रक्कम दुप्पट करू, तिप्पट करू. तो म्हणत होता, ‘मीटिंग बुला लीजिए, हुज़ूर, जो तय होगा सर आँखों पर।’ ढोल इतका की आम्ही एकमेकांच्या कानात ओरडत होतो. लांबून पाहणाऱ्याला दोन मित्र गुजगोष्टी करतायत असं वाटलं असतं.

आत ती भाकरी करत होती. किती वेळ तशी पडली होती मला माहीत नाही. ओट्यावर कलंडलेली आणि उजवा हात तव्यावर. गॅस चालू. ती ओरडली असेल का? झटक्यात माणूस ओरडत नाही, असं डॉक्टर म्हणतात. शुद्धीवर येताना ओरडली असेल. तव्याचा आवाज ऐकायची मला सवय होती, आणि त्या दिवशी मला माझ्या घरातलं काहीही ऐकू आलं नाही.

हात वाचला म्हणायचा. तळव्याची कातडी आकसली, चार बोटं आत वळून राहिली. अंगठा तेवढा हलतो.

शेजारचा दवाखान्यात सफरचंदं घेऊन आला. कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. ‘भाभीजी के इलाज में जो लगे, बता दीजिए।’ आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबला. मी आकडा सांगायची वाट बघत होता! मी सफरचंदांची पिशवी उचलून जिन्यावरून खाली फेकली. नर्स धावत आली. बायको उशीवरूनच म्हणाली, ‘अहो, गप बसा की आता.’

मी सचिवांकडं गेलो. नियम रद्द करा, पार्ट्याच बंद करा म्हणालो. त्यांनी चहा मागवला.

‘भाईसाहब, आपके दुख में हम शरीक हैं। मगर ज़रा देखिए, गेट के कैमरे, पार्क की बेंचें, गार्ड की तनख़्वाह, सब इसी से तो निकल रहा है। लोग आपको दुआ देते हैं।’

‘मेरी औरत का हाथ जल गया और लोग दुआ देते हैं?’

‘आवाज़ नीची रखिए। प्रस्ताव आप ही का था।’

त्यांच्या घरातून मी कसा बाहेर पडलो ते आठवत नाही. त्या कमिटीला मी आजही माफ केलेलं नाही. बेंचवर बसणाऱ्यांनाही नाही.

बायको घरी आली ती स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला तयार नव्हती. ढोलाचा आवाज आला की भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायची, पडले तर उंचावरून नको म्हणून. एक दिवस तिथं बसूनच म्हणाली, ‘विका हे घर.’

गिऱ्हाईक यायचं, खोल्या बघायचं, शेजारी मंडप बघायचं आणि जायचं. शेवटी विचारणा आली ती शेजारच्याचीच. त्याला लॉन वाढवायचं होतं. त्यानं भाव सांगितला, आणि तो मी बांधायला घातलेल्या पैशांहूनही कमी. ‘क्या करें भाईसाहब, शोर-शराबे वाली जगह है, आप तो जानते ही हैं।’ तो हे थट्टेनं म्हणाला नाही. त्याला ते खरंच वाटत होतं.

मी तोंड उघडणार, इतक्यात बायकोनं डाव्या हातानं माझी बाही धरली.

‘भाव करू नका.’

‘अगं, निदान...’

‘नका म्हणते ना.’

मी भाव केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं जे म्हटलं ते मी घेतलं. शेजारचाही गोंधळला, तो दोन पायऱ्या चढायच्या तयारीनं आला होता.

रजिस्ट्री कार्यालयात विकणारी म्हणून तिचं नाव पुकारलं. बाबूनं पेन पुढं केलं. तिनं ते डाव्या हातात घेतलं, कागदावर एक वेडीवाकडी रेघ आली आणि पेन घसरलं. गावी असताना ती बारावी झालेली, माझ्या भट्टीवरची सगळी पत्रं तिनंच लिहिलेली.

बाबू मला म्हणाला, ‘अनपढ़ हैं? तो पहले बताना था। अँगूठा लगवाइए।’

मी उसळलो, पण तिनं तोवर शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला होता. उजवाच. बोटं आत वळलेली, त्यामुळं तो कागदावर नीट बसेना. बाबूनं तिचं मनगट धरून दाबला.

‘और ज़ोर से,’ तो म्हणाला, ‘साफ़ नहीं आया।’

तिनं पुन्हा दाबला.